सतरा नंबरची गाडी आणि पंचवीस किलो

गाडी निवडायला तोळेसाहेबांना अडीच महिने लागले. बायको निवडायला त्यांना चार मिनिटं पुरली होती, ही गोष्ट त्या अडीच महिन्यांत बायकोने अकरा वेळा ऐकवली. अकरा हा आकडा तोळेसाहेबांचाच. त्यांना मोजल्याशिवाय राहवत नाही.

तोळेसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि कॉलनीतल्या कुठल्याशा टवाळाने हे नाव ठेवल्याला आता इतकी वर्षं झाली होती की वर्तमानपत्राच्या बिलावरही तेच यायचं. दुकानात शिरायचं, तराजूत आपली पितळी वजनं ठेवायची, काटा जागेवर येतो का पाहायचं. आला तर शिक्का, नाही आला तर तराजूला तार गुंडाळून शिशाचं सील. एवढंच काम. बायकोशी ओळखही अशीच झाली. ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होती. तिचा काटा चार ग्रॅम खोटा निघाला, यांनी तो सील केला, आणि आता दिवसभर पार्सलं घ्यावी लागणार नाहीत म्हणून ती यांच्याकडे बघून हसली. तेवढ्या हसण्यावर संसार उभा राहिला.

ते एक हसू सोडलं तर मात्र सगळा खडखडाट होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तोळेसाहेब आले म्हणून कुणाला आनंद झाल्याची नोंद नाही. दुकानदार गिऱ्हाइकाशी खिदळत असायचा, यांना बघायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. चेहरे पडताना त्यांनी इतके पाहिले होते की कुठला चेहरा अंदाजे किती ग्रॅमने पडला हे त्यांना सांगता आलं असतं. सुट्टीच्या दिवशी लेंगा घालून पावशेर चहापूड आणायला गेले तरी तेच. दुकानदार पुडी बांधायचा, वर चिमूटभर जास्त घालायचा आणि ते गेले की सुटकेचा नि:श्वास टाकायचा; तो नि:श्वास त्यांना पायरीवर ऐकू यायचा. माणसाने जगात कुठे तरी पाऊल टाकावं आणि चार लोकांना बरं वाटावं, एवढीच इच्छा. फार मोठी नाही. पण ती काही केल्या वजनात बसत नव्हती.

आणि मग एका रविवारी मेहुणा त्यांना हौशी मोटार क्लबात घेऊन गेला.

क्लब म्हणजे गावाबाहेरच्या बंद पडलेल्या सिमेंटच्या कारखान्याचं आवार. तिथे केशरी रंगाचे प्लास्टिकचे शंकू मांडलेले. अकरा माणसं, अकरा जुन्या गाड्या. एकेकाने यायचं, शंकूंमधून वेडीवाकडी वळणं घेत दोन फेऱ्या मारायच्या, आणि रेघेवर उभा असलेला माणूस घड्याळ बघून वेळ सांगणार. तोळेसाहेब फाटकातून आत आले तर त्या अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. तोळेसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मेहुण्याने समजावलं, इथे जो येईल त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात, पद्धतच आहे.

दुसरी पद्धत त्याहून सुंदर होती. इथे कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही आणि धंदा तर मुळीच विचारायचा नाही. गाडीच्या दारावर जो नंबर, तेच नाव. ‘तुम्ही काय करता?’ असं चुकून कुणी विचारलंच, तर त्याने सगळे शंकू एकट्याने गोळा करायचे. क्लबाचे चिटणीस चार नंबर, एक गोरेगोमटे, हसतमुख गृहस्थ. त्यांनी तोळेसाहेबांचा हात हातात घेऊन विचारलं, गाडी कधी आणताय? सतरा नंबर रिकामा आहे. तोळेसाहेबांनी आयुष्यात वेगाने अशा दोनच गोष्टी केल्या होत्या, शिक्का मारणे आणि लग्न ठरवणे. तरी ते ताबडतोब म्हणाले, आणतो.

तर गाडी.

कॉलनीत बातमी फुटायला अर्धा तास लागला आणि सल्ले यायला त्याहून कमी. तळमजल्यावर सोसायटीचे अध्यक्ष राहत. त्यांनी तरुणपणी कुणाची तरी जीप चालवली होती, किंवा तिच्यात बसले होते, यात मतभेद आहेत. त्यांनी सांगितलं की डिझेलशिवाय गाडीला दम नसतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या मते लाल गाडी जास्त पळते. मेहुण्याचं म्हणणं, भावोजी, इंजिन बघा, बाकी सगळं विसरा. तोळेसाहेबांनी सर्वांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि सरकारी पद्धतीने तुलनात्मक तक्ता तयार केला. तेवीस गाड्या, एकोणीस रकाने, शेवटचा रकाना ‘शेरा’. तक्ता जेवणाच्या टेबलावर मावेना म्हणून भिंतीवर लागला. बायको येता-जाता शेरा या रकान्यात आपली मतं लिहू लागली. एका गाडीपुढे ‘नको, नाक वर’ असं लिहिलेलं तोळेसाहेबांना सापडलं आणि त्यांनी ते खोडलं नाही, कारण मुद्द्यात तथ्य होतं.

तक्त्यातून निघालं ते त्यांना आधीपासून माहीत होतं. इंजिन ही हाव आहे आणि वजन हे चारित्र्य आहे. क्लबच्या लहान गटाचा नियम असा होता: गाडी अधिक चालक मिळून सहाशे चाळीस किलोंच्या खाली जाता कामा नये. म्हणजे जो या आकड्याच्या सर्वांत जवळ जाईल तो जिंकेल. चालवणं वगैरे गोष्टी नंतरच्या. सव्वीस वर्षं ज्याने ग्रॅमचा हिशेब ठेवला त्याच्यासाठीच हा खेळ निघाला होता, असं तोळेसाहेबांचं प्रामाणिक मत झालं.

गाडी मिळाली ती एका निवृत्त मुख्याध्यापिकेची. छोटीशी, पांढरी, कंपनीच्या पुस्तकात वजन साडेसहाशे किलो. घर ते शाळा आणि शाळा ते घर एवढंच चाललेली. चौथा गिअर कोराच होता. बाईंनी गाडी विकण्याआधी तोळेसाहेबांची तोंडी परीक्षा घेतली. गाडी कशाला हवी? कुठे ठेवणार? सीटची कव्हरं मी स्वतः विणलेली आहेत, ती जपाल ना? तोळेसाहेब म्हणाले, जिवापाड जपेन. हे बोलताना त्यांची नजर कव्हरांवर होती आणि मनात आकडा चालू होता. घरी आल्यावर तो पडताळून पाहिला. चारशे दहा ग्रॅम. कव्हरं त्यांनी जपली, कपाटात. सीट गेल्या.

इथून पुढे घरात सामान येत गेलं, कारण गाडीतून ते जात होतं. मागची सीट गच्चीत, बाजूची सीट बाल्कनीत, जादा चाक पलंगाखाली. दारांच्या आतले पुठ्ठे, पायाखालचे गालिचे, मागच्या काचा, बंपर, राखदाणी, सामानपेटीचं कुलूप. प्रत्येक वस्तू तोळेसाहेब स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन करायचे आणि चिठ्ठी चिकटवायचे. मोठ्या वस्तू मावत नसत म्हणून त्या काट्यावर तिरक्या उभ्या करून, श्वास रोखून. बायको एकदा भाजीचं वजन करायला गेली तर काट्यावर गाडीचा हॉर्न होता. तिने हॉर्न बाजूला ठेवला आणि विचारलं, हा काढल्यावर समोरच्याला बाजूला कसं करणार? तोळेसाहेब म्हणाले, शर्यतीत एकेकच गाडी असते, समोर कुणी नसतं. बायको म्हणाली, मग घाई कशाची आहे? हा प्रश्न तोळेसाहेबांनी ऐकला नाही असं दाखवलं. फार मुद्देसूद प्रश्न होता.

ते वजा करायचे आणि गॅरेजवाला मिस्त्री अधिक करायचा. मिस्त्री कामाचा पक्का, पण त्याचा लोखंडावर जीव. नियमाप्रमाणे गाडीच्या आत नळ्यांचा पिंजरा बसवायचा होता, उलटली तर चालक वाचावा म्हणून. तोळेसाहेब चार दिवस गावाला गेले तेवढ्यात मिस्त्रीने असा पिंजरा जोडला की गाडी उलटली असती तर रस्ता वाचला नसता. वजन एक्केचाळीस किलो. तोळेसाहेब गॅरेजच्या बाकावर मटकन बसले. मिस्त्री पाठीवर हात ठेवून म्हणाला की साहेब, भाचीच्या लग्नात कपाट द्यावं तसा मजबूत दिलाय, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. मोठ्या मिनतवारीने तो सव्वीस किलोंवर आला. त्या खटपटीत दोन्ही दारं कायमची बंद झाली, आणि तेव्हापासून तोळेसाहेब गाडीत खिडकीतून शिरू लागले. आधी उजवा पाय, मग कंबर, मग थोडा वेळ विचार, मग डोकं. कॉलनीतले लोक चहाचे कप घेऊन गॅलरीत उभे राहायचे.

एवढं करूनही आकडा सात किलोंनी जास्त. आता गाडीत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं; उरले होते तोळेसाहेब. त्यांनी जेवण सोडलं. म्हणजे उकडलेली भाजी आणि भरपूर दु:ख यांवर दीड महिना काढला. एकाहत्तरचे चौसष्ट झाले. ऑफिसात सगळ्यांना वाटलं काहीतरी मोठं दुखणं आहे, आणि एका कारकुनाने तर हळूच जागा रिकामी होणार का म्हणून चौकशी केली. शेवटी त्यांनी मिशी काढली. मिशीचं वजन चार ग्रॅम भरलं. बायको त्या दिवशी पोस्टातून आली, यांच्याकडे बघितलं, आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं.

मग वाहतूक कचेरी. क्लबचा नियम होता की गाडीची नोंदणी रीतसर हवी, आणि सीट काढल्या की नोंदणी बदलावी लागते. खिडकीवरचा कारकून मनाने भला होता, पण त्याच्या संगणकात आसनसंख्या एक असे तीनच प्रकार होते: रस्ता दाबायचा रोलर, क्रेन आणि शववाहिका. त्याने सहानुभूतीने सुचवलं की शववाहिका टाकू, मागे जागाही मोकळी आहे, आजच्या आज होऊन जाईल. तोळेसाहेब म्हणाले, मी अजून चालवतोय. कारकून म्हणाला, चालकाबद्दल अट नाही. पाच खेपा झाल्या. पाचव्या खेपेला वरच्या साहेबांनी ‘विशेष कार्यार्थ वाहन’ असा एक विसरलेला प्रकार शोधून काढला. अर्जात विशेष कार्य कोणतं ते लिहायचं होतं. तोळेसाहेबांनी बराच वेळ पेन धरून विचार केला आणि खरं तेच लिहिलं: ‘गोल फिरणे’. मंजूर झालं.

सोसायटीच्या अध्यक्षांनी तेवढ्यात नोटीस लावली होती की ज्या वाहनाला सीट, हॉर्न व दार नाही ते वाहन नसून सामान आहे, आणि पार्किंगमध्ये सामान ठेवण्यास मनाई आहे. तोळेसाहेबांनी मंजुरीचा कागद नोटिशीशेजारी चिकटवला. अध्यक्ष तो चष्मा लावून दोनदा वाचून गेले. गोल फिरण्याला मनाई करणारा नियम सोसायटीत नव्हता.

आणि शर्यतीची सकाळ उजाडली.

वजाबाकी पूर्ण झाली होती. साडेसहाशे, अधिक पिंजरा सव्वीस, वजा नव्व्याण्णव किलो सातशे ग्रॅम, अधिक तोळेसाहेब चौसष्ट. सहाशे चाळीस किलो तीनशे ग्रॅम. तीनशे ग्रॅम त्यांनी मुद्दाम ठेवले होते. काठावर जाणं म्हणजे उद्धटपणा. ते खिडकीतून गाडीत शिरले, बायको आपल्या स्कूटरवर मागून निघाली, कारण गाडीत तिला बसायला जागाच नव्हती, आणि ही वरात कारखान्यात पोचली. अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. सतरा नंबर आला, सतरा नंबर आला, असं कुणी तरी म्हणालं. नऊ नंबरने, जो दर वेळी पहिला यायचा, गाडीभोवती फेरी मारून वजन घटवायला ब्रेकच्या पेडलला पाडलेली भोकं बघितली आणि आदराने टोपी काढली. तोळेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लगेच पुसलं, कारण चुकीच्या क्षणी वजन कमी व्हायला नको होतं.

शर्यतीआधी वजन. कारखान्याचा जुना भुईकाटा होता, सिमेंटचे ट्रक तोलायचा. जमिनीलगत लोखंडी फळ्यांचा चौथरा, बाजूला खोली, खोलीत मोठी गोल तबकडी. तोळेसाहेब गाडीसकट चौथऱ्यावर चढले. चार नंबर खोलीत जाऊन बघून आले आणि आनंदाने म्हणाले, सहाशे पासष्ट, उत्तम, पुढे घ्या.

तोळेसाहेबांनी गाडी पुढे घेतली नाही.

सहाशे पासष्ट? पंचवीस किलो कुठून आले? सगळं आयुष्य चुकेल, पण ही वजाबाकी चुकणं शक्य नव्हतं. ती त्यांनी सात वेळा केली होती, एकदा उलटीही. मग चूक कुणाची हे उघड होतं. आणि ते उघड होताच त्यांना पुढचंही दिसलं, एका ओळीत. बाकीच्या अकरा जणांनी वर्षानुवर्षं याच काट्यावर वजन बघून गाड्या हलक्या केल्या होत्या. काटा सगळ्यांना पंचवीस किलो जास्त दाखवत असेल, तर त्या अकराही गाड्या नियमाच्या पंचवीस किलो खाली होत्या. अकरा बाद. कायदेशीर गाडी एकच, सतरा नंबरची.

गप्प बसायचं, की बोलायचं? गप्प बसलं तर शर्यत होते, टाळ्या होतात, सगळे मित्र राहतात. बोललं तर जगातली ही एकमेव जागा, जिथे आपण आलो की लोकांना बरं वाटतं, तीही गेली. तोळेसाहेब गाडीत बसून राहिले. मागे दोन नंबर इंजिन चालू ठेवून वाट बघत होता. आणि मग सव्वीस वर्षांची सवय त्यांच्या अंगात आपोआप उभी राहिली. उजवा पाय, कंबर, थोडा वेळ विचार, डोकं. ते बाहेर आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, गाडी ढकलून खाली घ्या आणि काटा रिकामा बघा.

काटा रिकामा कुणी कधी बघितलाच नव्हता. वर कायम कुणाची तरी गाडी असायची. आता सगळे त्या खोलीत दाटीवाटीने शिरले. चौथरा मोकळा होता आणि तबकडीवरचा काटा पंचवीसवर उभा होता. फळ्यांखाली, सांध्यांतून नऊ वर्षांची सिमेंटची धूळ पाणी खाऊन दगड झाली होती. तिचं वजन पंचवीस किलो. तोळेसाहेबांनी तबकडीखालच्या पत्र्यावर फुंकर मारली. शेवटचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा.

सात नंबर, एक उंच, मऊ बोलणाऱ्या बाई, म्हणाल्या की त्यात काय, पंचवीस वजा करू. हे वाक्य तोळेसाहेबांनी गेल्या सव्वीस वर्षांत हजारो दुकानांत ऐकलं होतं. त्यांचा हात खिशात गेला. रविवार असला तरी तार आणि शिसं त्यांच्या खिशात असायचं, जसा लोकांच्या खिशात रुमाल असतो. त्यांनी तबकडीच्या मुठीला तार गुंडाळली, शिसं दाबलं, आणि मागे वळले.

अकरा चेहरे पडलेले होते. अगदी ओळखीचे चेहरे. ते सगळे चेहरे त्यांच्याबरोबर इथपर्यंत आले होते तर.

“मी वजनमापे निरीक्षक आहे,” तोळेसाहेब म्हणाले. “सांगायचं नव्हतं. इथे तुम्ही टाळ्या वाजवता ना, म्हणून.”

दारापाशी उभ्या असलेल्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. ते इथे टाळ्यांसाठी येतात हे तिला आजवर माहीत नव्हतं. इतके महिने तिला वाटत होतं की माणसाला या वयात गाड्यांचं वेड लागतं तसं लागलं असेल. तिला थोडा रागही आला, की हे मला घरी सांगता येत नव्हतं का.

मग चार नंबरने घसा खाकरला. ते म्हणाले, “मी दातांचा डॉक्टर आहे.”

तोळेसाहेबांना अर्थ लागेना. चार नंबर खाली बघत सांगू लागले. ते कुणाच्या घरी गेले की घरातली माणसं तोंड मिटून घेतात. लग्नाकार्यात समोरचा गोड खाताना यांना बघतो आणि बशी खाली ठेवतो. धंदा न विचारायची पद्धत त्यांनीच काढली होती, पहिल्या दिवशी, स्वतःसाठी. एवढं बोलून ते थांबले आणि मग बांध फुटला. नऊ नंबर आयकर खात्यात होता. दोन नंबर आयुर्विमा विकायचा. त्याचा सख्खा भाऊ त्याला बघून रस्ता ओलांडतो. सात नंबरच्या बाई गाडीच्या परवान्याची चाचणी घ्यायच्या, आणि त्यांना समोर बघून माणसं आपलंच नाव विसरायची. अकरा नंबर वीज तोडायला यायचा. तेवीस नंबर गणित शिकवायचा, तेही दहावीला. एकाहून एक निघाले. प्रत्येक कबुलीला हसू. वीजवाल्याची कबुली ऐकून विमेवाल्याला ओळख पटली, आपली वीज यानेच तोडली होती, आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. बायको हसता हसता खोलीबाहेर जाऊन बसली.

हसणं ओसरल्यावर नऊ नंबरने डोळे पुसले आणि आयकरवाल्याला शोभेल असा प्रश्न काढला. नियमाने आज फक्त सतरा नंबर बसतो. म्हणजे न पळताच पहिला. तर कप देऊन टाकायचा का?

तोळेसाहेब दचकले. एकट्याने पहिलं येणं म्हणजे पुन्हा तेच, रिकाम्या दुकानात उभं राहणं. ते म्हणाले, नाही, नाही, पंचवीस किलो भरून काढू. काटा सील आहे, पण पाणी आहे ना. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, याला कुठला काटा लागत नाही. प्यायच्या पाण्याचे जार आणले होते. वीस लिटरचा एक जार, पाच लिटरचा एक डबा, गाडीत पट्ट्याने बांधायचे आणि पळायचं. गाड्या एकेकच जाणार, तेव्हा एकच जोडी सगळ्यांना पुरेल. जारचं स्वतःचं वजन सूट.

आणि मग जे सुरू झालं त्याला शर्यत म्हणावं की काय म्हणावं. पहिल्याच वळणावर दोन नंबरच्या जारचं झाकण उडालं आणि विमेवाला केसांतून पाणी निथळत परत आला, आरडाओरडा करत, पण खूश. तेवीस नंबरने वळणं इतक्या हळू घेतली की पाणी हललंही नाही. तो वेळेच्या गणितात नापास झाला. सात नंबरच्या बाईंनी तीन शंकू उडवले आणि स्वतःला मोठ्याने नापास केलं. प्रत्येक फेरीनंतर जार तोळेसाहेबांकडे यायचा. ते जमिनीवर पालथे पडून, डोळा पाण्याच्या रेषेला लावून, चमच्याने पाणी घालत पातळी खुणेवर आणायचे. त्यांच्यापुढे रांग लागली होती. लोक आपण होऊन उभे होते, हसत होते, साहेब आमचा नीट भरा हं म्हणत होते. वीजवाल्याने त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. चार नंबर स्वतः चमचा घेऊन धावत आले, दातांच्या दवाखान्यातला, अगदी बारीक.

सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. राहिला होता सतरा नंबर.

तोळेसाहेब खिडकीतून गाडीत शिरले. त्यांच्या गाडीला पाणी लागत नव्हतं. ती मुळातच बरोबर होती. झेंडा पडला आणि ती पांढरी गाडी, जिने उभ्या आयुष्यात चौथा गिअर पाहिला नव्हता, अशी उसळली की तोळेसाहेबांचा चष्मा कपाळावर गेला. पहिलं वळण, दुसरं वळण. एकही शंकू हलला नाही. पहिली फेरी संपली तेव्हा चार नंबरने घड्याळ बघून नऊ नंबरकडे पाहिलं आणि नऊ नंबरने टोपी काढून हातात घेतली. हा माणूस पहिला येणार होता. दुसऱ्या फेरीत गाडी आणखी पळाली. शेवटचं वळण घेऊन ती सरळ झाली, आणि समोर रेघ दिसली.

रेघेपलीकडे सगळे उभे होते. अकराच्या अकरा, काही ओले, काही कोरडे. मेहुणा होता, बायको होती. हात वर केलेले, तोंडं उघडी, सगळे यांच्याकडे बघून हसत होते. सगळ्यांना माहीत होतं हे कोण आहेत, काय करतात, आज सकाळी यांनी काय केलं. तरी हसत होते. 

तोळेसाहेबांनी ब्रेक दाबला.

गाडी रेघेच्या तीन मीटर अलीकडे थांबली. समोर एकच गलका उठला. पुढे या, पुढे या, चार नंबर घड्याळावर बोट आपटून सांगू लागले. नऊ नंबर, ज्याचा कप वाचत होता, तोही कळवळून हातवारे करत होता. शेवटी बायको पुढे आली आणि खिडकीशी वाकली.

“अहो, रेघ पुढे आहे.”

“माहीत आहे,” तोळेसाहेब म्हणाले. “जरा बघू दे.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग वळून त्या लोकांकडे पाहिलं, आणि खिडकीवर हात ठेवून तीही तिथेच उभी राहिली. घड्याळ चालू होतं. नियम म्हणजे नियम, चार नंबरने ते थांबवलं नाही. बारा गाड्यांत सतरा नंबर बारावा आला.